लस घेऊनही गोवर का निघतो, आणि नवी लस नेमकी कशासाठी हवी

नागपूरच्या रिंगरोडलगत बांधकाम मजुरांची एक वस्ती आहे. तिथल्या आरोग्यसेविका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वस्तीत नऊ महिने ते पाच वर्षांची ५१ लेकरं आहेत. त्यातल्या ४५ जणांच्या कार्डावर गोवर-रुबेला लसीचा किमान एक डोस नोंदलेला आहे, ६ जणांना एकही नाही. गेल्या तीन आठवड्यांत ११ लेकरांना ताप-पुरळ आलं. त्यात ६ लस घेतलेली आणि ५ न घेतलेली. बाया म्हणतात, "लस देऊनही माता निघालीच, मग दुसऱ्यांदा कशाला टोचायचं?" ताईंचे पुढचे प्रश्न असे: लस साठ वर्षांपूर्वीची आहे, विषाणू आता बदलला असेल का? बाळाला सहाव्या महिन्यातच का देत नाहीत? आणि सुईशिवायची लस येणार म्हणतात, त्यात किती तथ्य?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. "अकरांपैकी सहा लस घेतलेले" असं ऐकलं की लस निम्मीही चालली नाही असं वाटतं. पण भागाकार आजारी मुलांच्या संख्येने करायचा नसतो, त्या-त्या गटातल्या एकूण मुलांच्या संख्येने करायचा असतो. लस घेतलेल्या ४५ पैकी ६ आजारी, म्हणजे सुमारे १३ टक्के. न घेतलेल्या ६ पैकी ५ आजारी, म्हणजे ८३ टक्के. १३ ला ८३ ने भागा, आलेला आकडा एकातून वजा करा. उत्तर येतं साधारण ०.८४. म्हणजे तुमच्या वस्तीत लसीने ८४ टक्के संरक्षण दिलं. वस्ती लहान आहे, एखादं लेकरू इकडचं तिकडे झालं तरी आकडा हलेल, त्यामुळे तो काटेकोर धरू नका. पण नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसकडून जगभर जी अपेक्षा धरतात, ती सुमारे ८५ टक्क्यांचीच आहे. लस तिच्या नेहमीच्या ताकदीने चालली. वस्तीत बहुतेक मुलं लस घेतलेली असल्यामुळे आजाऱ्यांतही लस घेतलेली मुलं दिसणारच. सगळ्या मुलांनी एकेक डोस घेतला असता, तर आजारी पडणारं प्रत्येक मूल लस घेतलेलंच असतं!

आता बायांना दुसरा डोस कसा समजवायचा? "बूस्टर" हा शब्द इथे घोटाळा करतो. त्यातून असं वाटतं की पहिल्या डोसची ताकद ओसरते आणि दुसरा ती पुन्हा चढवतो. गोवराच्या बाबतीत तसं नाही. पहिल्या डोसनंतर १०० पैकी ८५ लेकरांत संरक्षण तयार होतं आणि ते बहुतेकांत आयुष्यभर टिकतं. उरलेल्या १५ जणांत काहीच तयार होत नाही. हे १५ कोण, ते बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून दुसरा डोस सगळ्यांना देतात. कापसाच्या शेतात काम केलेल्या बाईला हे लगेच कळेल: जिथे बी उगवलंच नाही तिथे पुन्हा टोबतात, त्याला नांग्या भरणं म्हणतात. दुसरा डोस म्हणजे नांग्या भरणं. दोन्ही डोस झाले की संरक्षण सुमारे ९७ टक्क्यांवर जातं. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो. तो थांबवायला समाजातली ९२ ते ९४ टक्के माणसं सुरक्षित असावी लागतात. एका डोसने १०० टक्के मुलांपर्यंत पोचलो तरी ८५ च्या वर जाता येत नाही. दुसऱ्या डोसशिवाय गोवर थांबणं गणितातच बसत नाही.

पण त्याआधी एक खात्री करायला हवी. ती अकरा लेकरं खरोखर गोवराचीच होती का? ताप आणि सपाट-उंचवट्याचं लाल पुरळ रुबेलातही येतं, डेंग्यूतही येतं, आणि नागपुरात पावसाळ्यानंतर डेंग्यू काही कमी नसतो. गोवरात तापासोबत खोकला, नाक गळणं, लाल डोळे यांपैकी काहीतरी असतं. पुरळ कानामागून आणि कपाळापासून सुरू होऊन खाली उतरतं. पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधी गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, त्यांना कॉप्लिकचे ठिपके म्हणतात. तरीही डोळ्यांनी केलेलं निदान पुरेसं नाही. पुरळ आल्यापासून २८ दिवसांच्या आत रक्त घेऊन सीरम (रक्तातला पातळ भाग) वेगळं करायचं आणि २ ते ८ अंशांत प्रयोगशाळेकडे पाठवायचं, तिथे आयजीएम एलायझा होते, म्हणजे ताज्या लागणीची प्रतिपिंडं (विषाणूला अडवायला शरीराने बनवलेली प्रथिनं) शोधणारी चाचणी. पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत ही तपासणी काही मुलांत खोटी निगेटिव्ह येते, म्हणून लवकर घेतलेला निगेटिव्ह नमुना शेवटचा मानू नका. घशाचा स्वॅब पुरळाच्या पहिल्या आठवड्यातच घ्या, नंतर विषाणू सापडणं झपाट्याने कमी होतं.

नमुन्याच्या फॉर्मवर शेवटच्या डोसची तारीख अचूक लिहा. ही एक ओळ फार महत्त्वाची आहे. लसीतला विषाणू जिवंत पण निर्बल असतो, त्यामुळे लशीनंतर साधारण ७ ते १२ दिवसांनी काही लेकरांना ताप येतो आणि थोड्यांना हलकं पुरळही उठतं. लशीमुळेही आयजीएम पॉझिटिव्ह येतं. वस्तीत साथ सुरू असताना लसीकरण केलं आणि दहाव्या दिवशी पुरळ आलं, तर तो लशीचा परिणाम की खरा गोवर हे एलायझा सांगू शकत नाही. ते सांगतं स्वॅबमधल्या विषाणूचं जनुकीय वाचन. विषाणूच्या एन जनुकाच्या शेवटच्या ४५० अक्षरांचा तुकडा वाचला की लशीचा विषाणू ए प्रकारचा आणि रानटी विषाणू दुसऱ्या प्रकारचा, असं स्पष्ट वेगळं दिसतं.

यातूनच विषाणू बदलला का, या प्रश्नाकडे येऊ. आपल्या लशीचं मूळ १९५४ मध्ये बोस्टनजवळच्या एडमन्स्टन आडनावाच्या शाळकरी मुलाच्या नमुन्यात आहे. जॉन एन्डर्स आणि थॉमस पीबल्स यांनी त्यातून विषाणू वेगळा केला आणि पेशींमध्ये पुन्हापुन्हा वाढवून तो निर्बल केला. १९६३ मध्ये अमेरिकेत लशीला परवाना मिळाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या गोवर-रुबेला लशीत याच मुळाची एडमन्स्टन-झाग्रेब ही उपजात असते. ती मानवी पेशींवर वाढवतात, त्यामुळे अंड्याची ॲलर्जी असलेल्या लेकरालाही द्यायला हरकत नाही.

रानटी विषाणूचे आजवर २४ जनुकीय प्रकार नोंदले गेले. त्यातले बहुतेक आता दिसत नाहीत, सध्या जगभर मुख्यतः बी३ आणि डी८ हेच सापडतात, आणि भारतात डी८ ची संख्या मोठी आहे. म्हणजे जनुकांत बदल होतच असतो. हा आरएनए विषाणू आहे, नक्कल करताना चुका करणारच. पण प्रतिपिंडांच्या नजरेला हे सगळे प्रकार एकच. १९५४ च्या विषाणूवर तयार झालेली प्रतिपिंडं आजच्या डी८ लाही अडवतात. कारण विषाणूच्या अंगावर बाहेरून दिसणारी दोनच प्रथिनं आहेत, एच आणि एफ. एच हे पेशीला चिकटतं, एफ हे विषाणूचं आवरण पेशीच्या पडद्यात मिसळवतं. एच ला आपल्या रोगप्रतिकारक पेशींवरचा सीडी१५० आणि श्वासमार्गाच्या अस्तरावरचा नेक्टिन-४ हे दोन्ही ग्राहक (पेशीवरच्या पकडायच्या जागा) पकडावे लागतात. आपली सर्वांत प्रभावी प्रतिपिंडं नेमकी याच पकडीच्या जागेवर किंवा तिच्या अगदी लगत बसतात. विषाणूने तिथला आकार बदलला तर प्रतिपिंड चुकेल, पण त्याच वेळी पकडही सुटेल. फ्लूच्या विषाणूकडे बदलायला मोकळी जागा आहे, गोवराकडे नाही. म्हणून फ्लूची लस दरवर्षी बदलावी लागते आणि गोवराची साठ वर्षं तीच चालते. बायांना एवढं सांगितलं तरी पुरे: लस जुनी झाली नाही, कारण शत्रूचा चेहरा बदललेला नाही.

मग संशोधन चालतं कशासाठी? जिथे लस अडते त्या तीन गोष्टींसाठी: बाळाचं वय, उष्णता आणि सुई. यातली पहिली सर्वांत अवघड आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

बाळ जन्मतं ते आईची आयजीजी (दीर्घकाळ टिकणारी) प्रतिपिंडं घेऊनच. ती नाळेतून येतात आणि बहुतेक गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत येतात, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे ती कमी असतात. पहिले काही महिने ही प्रतिपिंडं बाळाला वाचवतात, पण तीच लशीच्या आड येतात. लशीतला विषाणू बाळाच्या शरीरात थोडा वाढला तरच प्रतिकारशक्ती जागी होते. आईची प्रतिपिंडं त्याला वाढण्याआधीच निकामी करतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आणखी एक यंत्रणा पुढे आली आहे: विषाणूला चिकटलेलं आईचं प्रतिपिंड बाळाच्या बी पेशीवरच्या एका दाबक ग्राहकाला जोडलं जातं आणि ती पेशी प्रतिपिंड बनवायचं थांबवते. म्हणून सहाव्या महिन्यात डोस दिला तर बऱ्याच बाळांत तो वाया जातो, आणि नवव्या महिन्यापर्यंत थांबलो तर मधल्या काळात बाळ उघडं पडतं. बाराव्या महिन्यानंतर दिलेला एक डोस ९३ ते ९५ टक्के लागू पडतो, पण जिथे गोवर फिरतोय तिथे तेवढं थांबणं परवडत नाही. नववा महिना ही या दोन धोक्यांच्या मधली तडजोड आहे.

आता ही फट रुंदावत चालली आहे. ज्या आयांना लहानपणी खरा गोवर झाला होता, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर असत. आज आई होणाऱ्या पुष्कळ जणींना लस मिळालेली आहे. त्या स्वतः सुरक्षित आहेत, पण बाळाला देतात ती प्रतिपिंडं कमी, आणि ती लवकर संपतात. म्हणून पाच-सहा महिन्यांच्या बाळाला गोवर झाला तर नवल वाटून घेऊ नका. २०२२ च्या अखेरीस मुंबईत आणि मालेगाव-भिवंडीत साथ आली, तेव्हा केंद्र सरकारने सूचना दिली होती की जिथे एकूण रुग्णांपैकी १० टक्क्यांहून जास्त रुग्ण नऊ महिन्यांखालचे असतील तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस द्यावा. हा शून्य डोस असतो, तो मोजणीत धरायचा नाही. नववा आणि सोळावा-चोविसावा महिना हे दोन्ही डोस नंतर ठरल्यावेळी द्यायचेच. कार्डावर शून्य डोस पहिल्या डोसच्या रकान्यात लिहिला जाणं ही साथीतली नेहमीची चूक आहे, आणि ते लेकरू पुढे खऱ्या पहिल्या डोसला मुकतं.

लवकर डोस द्यायचे प्रयत्न याआधी झाले आहेत, आणि त्यातला एक अंगाशी आला. आईच्या प्रतिपिंडांवर मात करायला विषाणूचं प्रमाण दहापट किंवा त्याहून जास्त वाढवलं तर? १९८९-९० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने अशी तीव्र लस सहाव्या महिन्यात द्यायची शिफारस केली. प्रतिपिंडं तयारही झाली. पण सेनेगल, गिनी-बिसाऊ, हैतीमधल्या मुलांवर पुढची काही वर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं की या लशीच्या गटातल्या मुली इतर आजारांनी जास्त मरत होत्या. गोवर होत नव्हता, तरीही मृत्यू वाढले होते. १९९२ मध्ये ती शिफारस मागे घेतली गेली.

दुसरा प्रयोग त्याहून आधीचा. १९६३ ते १९६७ या काळात अमेरिकेत फॉर्मलिनने मारलेल्या विषाणूची लस वापरात होती. तिने तयार केलेली प्रतिपिंडं लवकर ओसरली आणि विषाणूला घट्ट धरणारी नव्हती. ही लस घेतलेल्यांना पुढे खरा विषाणू भेटला तेव्हा काहींना नेहमीपेक्षा जास्त तीव्र, फुप्फुसाला सूज आणणारा विचित्र गोवर झाला. गोवरात केवळ प्रतिपिंड पुरत नाही, ते चांगल्या प्रतीचं असावं लागतं, आणि सोबत टी पेशी, म्हणजे लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या पेशी, लागतात. प्रतिपिंडं बनवू न शकणारी मुलं गोवरातून बहुधा बरी होतात. टी पेशी नसलेल्या मुलांना विषाणू बाहेर काढता येत नाही आणि न्यूमोनिया जीवघेणा ठरतो. नव्या लशीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात या दोन घटना असतात, म्हणून "प्रतिपिंडं वाढली" एवढ्यावर कुणी नवी लस मान्य करत नाही. मला हे बरोबर वाटतं. जी लस आज आहे ती इतकी चांगली आहे की तिच्या जागी येणाऱ्या लशीवरची जबाबदारी फार मोठी आहे.

याच ठिकाणी मोजमापाचा एक मुद्दा सांगायला हवा, कारण नागपुरातल्या महाविद्यालयांत गोवराच्या प्रतिपिंडांवर प्रबंध करणारे पुष्कळ असतात. बाजारातली आयजीजी एलायझा मुख्यतः विषाणूच्या आतल्या एन प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं मोजते. पण संरक्षण देतात ती एच आणि एफ विरुद्धची प्रतिपिंडं. खरं संरक्षण मोजायचं तर पेशींवर विषाणू आणि सीरम एकत्र घालून विषाणू किती अडला ते पाहावं लागतं. याला प्लाक न्यूट्रलायझेशन म्हणतात, आणि १२० मिलीइंटरनॅशनल युनिट प्रति मिलीलिटरच्या वर असलेलं प्रमाण सुरक्षित मानतात. एलायझाने सीमेवरची बाळं बऱ्याचदा चुकीच्या रकान्यात पडतात. साथीतल्या लस घेतलेल्या रुग्णांत आयजीजीची घट्ट पकड, म्हणजे अॅव्हिडिटी, मोजली तर आणखी एक गोष्ट उलगडते. पकड सैल असेल तर लस कधी लागूच पडली नव्हती. घट्ट असेल तर लागू पडली होती, पण नंतर ओसरली. तुमच्या वस्तीतल्या सहा मुलांत मला पहिल्याच कारणाची शक्यता जास्त वाटते. आणि त्यातही वयाइतकाच संशय उष्णतेवर घ्यायला हवा.

नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. भुकटीच्या रूपातली लस त्यातल्या त्यात सोशिक आहे: ३७ अंशांत एक आठवडा राहूनही प्रत्येक डोसमध्ये ठरलेले किमान १,००० जिवंत विषाणू उरले पाहिजेत, अशी तिच्याकडून अपेक्षा असते. पण पाणी घातलं की ती अत्यंत नाजूक होते. २० अंशांत एका तासात निम्मी ताकद जाते, ३७ अंशांत एका तासात जवळजवळ सगळी. पत्र्याच्या छपराखाली दुपारी बारा वाजता टेबलावर ठेवलेली कुपी पाऊण तासात पाण्यासारखी होते आणि बाहेरून तिच्यात काहीही फरक दिसत नाही. इंजेक्शन दिलं जातं, कार्डावर टिक होते, लेकरू मात्र मोकळंच राहतं.

म्हणून सत्राच्या आदल्या दिवशीच पातळ करायचं पाणी आयएलआरमध्ये (लशीच्या फ्रीजमध्ये) लशीसोबत ठेवा. गरम पाण्याने भुकटी विरघळवली तर पहिल्याच क्षणी विषाणू मरतात. त्याच उत्पादकाचं, लशीसोबत आलेलंच पाणी वापरा: पाच डोसच्या कुपीला अडीच मिली, दहा डोसच्या कुपीला पाच मिली. भुकटीला गोठण्याने काही होत नाही, पण पाण्याची अॅम्प्युल गोठली तर तडकते, आणि त्याच कॅरियरमध्ये (लस नेण्याच्या थंड डब्यात) असलेली पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच रोगांवरची लस, तर वायाच जाते. म्हणून बर्फाचे पॅक आधी बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबून मगच कॅरियरमध्ये घाला. तापमान दाखवणारी चौकोनी खूण भुकटीच्या कुपीच्या टोपणावर असते, कारण टोपण काढल्यावर ती खूण निरर्थक होते. कुपी फोडल्याची वेळ लेबलवर लिहा. ती बर्फाच्या पॅकच्या खळग्यात, उन्हापासून आडोशाला ठेवा. उजेडानेही ही लस खराब होते. चार तासांनी किंवा सत्र संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, ती टाकून द्या. ओपन व्हायल पॉलिसी (उघडलेली कुपी पुढच्या सत्रात वापरायची मुभा) पेंटाव्हॅलेंटला लागू आहे, गोवर-रुबेलाला नाही. या लशीत जंतुरोधक द्रव्य नसतं. उरलेली कुपी दुसऱ्या दिवशी वापरली तर आत वाढलेल्या स्टॅफिलोकोकसच्या विषाने काही तासांत लेकराचा जीव जाऊ शकतो. टोचायची जागा स्पिरिटने पुसू नका, उकळून गार केलेल्या पाण्याच्या बोळ्याने पुसा. ०.५ मिली, उजव्या दंडाच्या वरच्या भागात, त्वचेखाली.

आणि एका लेकरासाठीही कुपी फोडा. "आज एकच आलंय, पुढच्या वेळी या" हे वाक्य वीटभट्टीवरच्या किंवा इमारतीवरच्या बाईला सांगितलं की ती पुढच्या वेळी बहुतेक येत नाही. तोवर काम संपून कुटुंब छत्तीसगडला किंवा बालाघाटकडे गेलेलं असतं. चार डोस वाया गेल्याचा हिशेब कुणी मागितला तर तो द्यायला सोपा आहे. हलका ताप, जुलाब, सर्दी, कुपोषण या कारणांनी डोस टाळू नका. कुपोषित लेकराला तर तो आधी हवा.

आता सुईशिवायच्या लशींबद्दल. पहिला मोठा प्रयत्न फवाऱ्याने श्वासातून देण्याचा होता, आणि त्याची सर्वांत मोठी चाचणी आपल्याच राज्यात, पुण्याजवळच्या वढू परिसरातल्या खेड्यांत झाली. नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारे दोन हजार बाळांना अर्ध्यांना फवारा आणि अर्ध्यांना इंजेक्शन दिलं. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: फवाऱ्याने ८५.४ टक्के बाळांत प्रतिपिंडं आली, इंजेक्शनने ९४.७ टक्के. सुरक्षितता चांगली होती, पण नऊ टक्क्यांची ही तफावत गोवरासारख्या रोगात परवडणारी नाही. तो मार्ग पहिल्या डोससाठी तिथेच थांबला.

जास्त आशा आहे ती पट्टीकडून. लहान नाण्याएवढ्या गोलावर केसापेक्षा बारीक, विरघळणारे सूक्ष्म काटे असतात आणि लस त्या काट्यांतच वाळवलेली असते. मनगटावर दाबून पाच मिनिटं ठेवायची. काटे त्वचेत विरघळतात, पट्टी कचऱ्यात. गॅम्बियात प्रौढ, पंधरा-अठरा महिन्यांची मुलं आणि नऊ-दहा महिन्यांची बाळं यांच्यावर तिची चाचणी झाली आणि २०२४ मध्ये निकाल आले. नऊ-दहा महिन्यांच्या बाळांत गोवराविरुद्ध पट्टीने ९३ टक्के आणि इंजेक्शनने ९० टक्के प्रतिसाद दिला, रुबेलाला दोन्हींनी १०० टक्के. लावलेल्या जागी काही दिवस त्वचा घट्ट किंवा काळपट होते, एवढाच ठळक त्रास. बाळांची संख्या लहान होती, त्यामुळे मोठ्या चाचण्या झाल्याशिवाय ती तुमच्या कॅरियरमध्ये येणार नाही. पण ती आली तर तुमच्या कामातलं बरंच काही बदलेल: पाणी मिसळणं नाही, चार तासांचं घड्याळ नाही, सिरिंज नाही, एका लेकरासाठी एकच पट्टी. नवव्या महिन्याची मर्यादा मात्र ही पट्टीही ओलांडत नाही, कारण आत लस तीच आहे.

ती मर्यादा ओलांडायला वेगळ्या दिशेने काम सुरू आहे. एफ प्रथिन पेशीत शिरण्याआधी आणि नंतर दोन वेगळे आकार घेतं, आणि एक प्रतिपिंड त्याचा आकार पूर्ण बदलण्याआधी त्याला मध्येच कसं अडवून धरतं याचं अणूंपर्यंतचं चित्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातून दोन वाटा निघतात: आधीच्या आकारात गोठवलेलं एफ प्रथिन लस म्हणून द्यायचं, किंवा तयार प्रतिपिंडच लागण झालेल्या बाळाला द्यायचं. सहाव्या महिन्यात डोस दिलेल्या बाळांचा अभ्यास सांगतो की प्रतिपिंडं नीट न आली तरी टी पेशी जाग्या होतात. लवकरच्या डोसचा खरा फायदा कदाचित तिथे आहे. याचा हिशेब पुढच्या काही वर्षांत नीट लागायला हवा.

बायांपैकी एखादी नक्की म्हणेल, "होऊन जाऊ दे गोवर, मग आयुष्यभर काळजी नाही." तिला सांगा की गोवर नेमका उलटा धंदा करतो. सीडी१५० ज्या पेशींवर असतो, त्यांतच आधीच्या रोगांची आठवण साठवलेल्या पेशी येतात, आणि विषाणू त्याच मारतो. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या डच मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. लेकरू गोवरातून उठतं आणि न्यूमोनियाने, जुलाबाने पुढचे महिने आजारी पडत राहतं. १९०८ मध्येच व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी पाहिलं होतं की गोवर झाल्यावर क्षयाची त्वचाचाचणी काही काळ निगेटिव्ह होते. म्हणून गोवरानंतर किंवा गोवर-रुबेला लशीनंतर चार ते सहा आठवडे ही क्षयाची चाचणी (माँटू) करू नका. लशीच्याच दिवशी करायला हरकत नाही. लशीतला विषाणू ही आठवण पुसत नाही.

वस्तीत आता काय करायचं ते सांगतो. पुरळ आल्याच्या दिवसापासून चार दिवस लेकरू घरातच ठेवायचं. पुरळाच्या आधीच्या चार दिवसांतही ते लागण देत होतंच, तेव्हा त्या दिवसांत ते कुणाच्या खोलीत गेलं ते विचारा. विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो, म्हणून अशा लेकराला मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयात पाठवताना आधी फोन करा आणि गर्दीच्या ओपीडीत बसवू नका. अ जीवनसत्त्व प्रत्येक रुग्णाला, लागोपाठ दोन दिवस: सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिने १ लाख, वर्षावरच्यांना २ लाख. डोळ्यांत कोरडेपणा किंवा पांढुरका डाग दिसला तर दोन ते चार आठवड्यांनी तिसरा डोस. लेकराला भरपूर पाणी, ओआरएस, अंगावरचं दूध चालू. तेल-तिखट बंद, अंधारी खोली, आंघोळ बंद यातलं काही गरजेचं नाही, आणि जेवण तर अजिबात तोडायचं नाही. प्रतिजैविक गोवराला नाही, न्यूमोनिया किंवा कान फुटला तरच. श्वास जलद, छाती आत ओढली जाणं, झटका, सुस्ती, पिणं बंद, तोंडात खोल व्रण, डोळ्याचं बुबुळ धुरकट, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी भरती.

संपर्कातल्या सहा महिन्यांवरच्या लेकराला ७२ तासांच्या आत डोस मिळाला तर आजार टळू शकतो. नंतर मिळाला तरी देऊन टाका, पुढच्या फेरीसाठी तो कामाचाच. लहान बाळ किंवा गर्भवती यांना लस चालत नाही, त्यांच्यासाठी सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचा (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचा) विचार डॉक्टरांनी करायचा.

ज्या अकरा जणांना पुरळ आलं, त्यांनाही बरं झाल्यावर राहिलेले डोस द्या. एक तर त्यातल्या काहींचा तो गोवर नसून रुबेला किंवा डेंग्यू निघू शकतो, आणि दुसरं, त्याच सुईत रुबेलाची लस आहे, तिची गरज गोवर होऊन गेल्याने संपत नाही. ज्यांना प्रतिकारशक्ती आधीच आहे त्यांना जादा डोसने काही होत नाही. त्या सहा लस न घेतलेल्या घरांच्या कार्डांवर मूळ गावाचा आणि ठेकेदाराचा फोन लिहून ठेवा; पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत राहिलेला डोस देता येतो, आणि ते कुटुंब पुढच्या साईटवर कुठे गेलं हे ठेकेदारालाच माहीत असतं.